घरी कोण कोण असतं?

तू तेरा वर्षांचा आहेस. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं तू तेराचाच राहणार आहेस, कारण तुला मुंबईतल्या डोंगरीच्या एकाच भिंतीआड तीन वेगवेगळ्या काळांत जायचं आहे. जागा उमरखाडीची. १८०४ च्या सुमारास इंग्रजांनी इथं तुरुंग बांधला.

पहिल्यांदा जातोस तेव्हा साल १८८२, महिना जुलै. कुलाब्याला कापसाच्या गासड्या उतरतात तिथं तू हमालांच्या पायांत घुटमळत होतास. एका फाटक्या गासडीतून दोन मुठी कापूस ओढलास, कमरेला खोवलास आणि शिपायानं मानगूट धरली. रात्र चौकीत काढलीस, मोठ्या माणसांच्या गर्दीत. सकाळी मॅजिस्ट्रेटसमोर दुभाष्या नाव विचारतो, जात विचारतो, वय विचारतो. वय तुला माहीत नाही. शिपाई तुझ्या ओठावर मिसरूड फुटलंय का ते बघतो आणि कारकून लिहून टाकतो : तेरा.

या आकड्यावर बरंच अवलंबून आहे. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हा लागत नाही. सात ते बारामधल्या मुलाला आपण काय करतोय हे कळत होतं का, ते कोर्टानं पाहायचं. बाराच्या पुढं गेलास की तू आणि तुझ्या शेजारी उभा असलेला दरोडेखोर कायद्याला सारखेच. शिवाय १८६४ चा फटक्यांचा कायदा आहे. अल्पवयीन आरोपीला दुसऱ्या शिक्षेऐवजी वेत मारून सोडायची त्यात मुभा आहे, आणि ते करणारे साहेबलोक स्वतःला दयाळू समजतात. पोर तुरुंगात जाऊन नासण्यापेक्षा पाठ सोलून घरी गेलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. वाचताना अंगावर काटा येतो. पण तुरुंगात पहिली रात्र काढलीस की हा हिशेब कुठून आला तेही तुला समजतं.

तुला वेत मिळत नाहीत, दोन महिने मिळतात.

कांबळं मिळतं, टमरेल मिळतं, ज्वारीची भाकरी आणि पाण्यासारखी डाळ मिळते. दिवसा काथ्या कुटायचा. हाताला फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात. रात्री बराकीत तुझ्या उजव्या हाताला चाळिशीतला एक पाकीटमार झोपतो. तो तुला मारत नाही, उलट जीव लावतो. ओल्या पंचाची घडी करून तिच्यात सुपारी ठेवतो, आणि घडी जराही न हलवता दोन बोटांनी ती सुपारी काढायला शिकवतो. आठवडाभरात तुला जमतं. तो पाठीवर थाप मारतो. मुंबईत आल्यापासून तुझ्या पाठीवर पडलेली ही पहिली शाबासकी. या तुरुंगात तुझ्यासाठी शाळा काय ती एवढीच.

त्याच पावसाळ्यात त्याच आवारात पुण्याचे दोन तरुण संपादक कैदेत आहेत. टिळक आणि आगरकर, दोघंही पंचविशी-सव्विशीतले. कोल्हापूरच्या दिवाणांनी लावलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली आहे. एकशे एक दिवसांनी ते सुटतील, आगरकर त्या दिवसांवर पुस्तक लिहितील, आणि म्हणून डोंगरीचा तुरुंग मराठी माणसाच्या कायमचा लक्षात राहील. तुझे साठ दिवस मात्र कुठंच नोंदलेले नाहीत. इतिहासाची पुस्तकं वाचताना मला ही पोकळी सतत टोचते. त्या आवारात तुझ्यासारखी किती पोरं होती, त्यांना रात्री कशाची भीती वाटायची, ती सुटल्यावर कुठं गेली, याचं एक पानही आपल्याकडे नाही.

साठ दिवसांत एक साधा प्रश्न तुला कुणीही विचारत नाही : घरी कोण कोण असतं? विचारला असता तर कळलं असतं, की आई भायखळ्याच्या गिरणीत रिळावर काम करते आणि तू कुठं गेलास हे तिला आठ दिवसांनी एका हमालाकडून समजलं आहे.

दुसरी एक वाट त्या काळातही होती. डॉ. जॉर्ज बुइस्ट या पत्रकारानं १८५० मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उद्योगशाळा काढली. डेव्हिड ससून यांच्या देणगीमुळे १८५७ पासून ती ससूनची सुधारशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. तिथं सुतारकी, लोहारकी शिकवत. १८७६ साली सुधारशाळांचा स्वतंत्र कायदा झाला, त्यात मुलाला दोन ते सात वर्षं ठेवायची तरतूद होती. म्हणजे दोन मुठी कापसासाठी सात वर्षं घराबाहेर. तुरुंगापेक्षा हे बरं होतं, यात शंका नाही. पण मुलाला आईपासून तोडलं की तो सुधारतो ही समजूत त्या कायद्याच्या मुळाशीच होती, आणि ती मोडायला फार वर्षं गेली.

आता १९३८.

भिंत तीच, पण फाटकातून आत शिरताना बेड्यांचा आवाज येत नाही. आवारात मुलं हुतूतू खेळताहेत. १९२४ मध्ये मुंबई इलाख्यात मुलांसाठी कायदा झाला, १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली, मुलांचं वेगळं कोर्ट आलं, आणि डोंगरीचा तुरुंग मुलांचं रिमांड होम झाला. परळच्या रेल्वे यार्डातून कोळसा उचलताना तुला पकडलंय. एक घमेलं भरून कोळसा. आई तो चाळीतच विकते.

पहाटे घंटा. संडासासमोर रांग, मग नळाखाली अंघोळ, प्रार्थना, कवायत. नाश्त्याला पेज. त्यानंतर वर्ग, आणि या वर्गात मास्तरांची खरी कसोटी आहे. एका बाकावर मराठी, गुजराती, उर्दू, तेलुगू बोलणारी मुलं आहेत, कुणी चौथी शिकलेलं, कुणी पाटीला कधी हातही न लावलेलं. दुपारी सुतारकाम किंवा विणकाम. संध्याकाळी खेळ, जेवण, हजेरी, आणि अंधार पडायच्या आत दारं बंद.

पंगतीत तुझ्या डाव्या बाजूला बोटीतून उतरून भाऊच्या धक्क्यावर हरवलेला सात वर्षांचा रत्नागिरीकडचा मुलगा आहे. उजव्या बाजूला चाकू चालवलेला पंधरा वर्षांचा. चुकलेला, टाकून दिलेला, भीक मागताना सापडलेला आणि चोरी केलेला, सगळे एकाच डाळीच्या वाढपात. गरिबी आणि गुन्हा एकाच छपराखाली ठेवायची ही सवय आपल्या व्यवस्थेला पुढं कित्येक दशकं सुटली नाही. त्या सात वर्षांच्या पोरानं काहीच केलेलं नाही, तरी रात्री दाराला बाहेरून कडी लागते ती त्याच्यासाठीही.

चौथ्या दिवशी तुला एका खोलीत बोलावतात. टेबलापलीकडे पांढरा कोट, काळी टोपी घातलेले गृहस्थ. ते प्रोबेशन अधिकारी आहेत, हे तुला माहीत नाही. तू उभाच राहतोस. ते म्हणतात, “बस.” तू खाली बसतोस. ते म्हणतात, “खुर्चीवर बस.” मग वही उघडून ते विचारतात :

“घरी कोण कोण असतं?”

तू सांगतोस, “कुणी नाही.” बापाला बोलावतील, बाप मारील, म्हणून. ते वहीत काही लिहीत नाहीत. दुसरा प्रश्न विचारतात. “झोपतोस कुठं?” या प्रश्नाला खोटं उत्तर तुझ्याकडे तयार नाही. फुटपाथवर, तू म्हणतोस. “पावसात?” जिन्याखाली. “कुठल्या जिन्याखाली?” आणि त्या एका जिन्यावरून लालबागची चाळ निघते.

ते चाळीत जातात तेव्हा तू डोंगरीत असतोस, पण काळाच्या या प्रवासात तुला त्यांच्यामागून जाता येतं. दहा बाय बाराची खोली. तीत अकरा माणसं. रात्रपाळीचे दिवसा झोपतात, दिवसपाळीचे रात्री, वळकट्या तेवढ्याच. तू मोठा झाल्यावर तुझी वळकटीची पाळी गेली, म्हणून तू जिन्याखाली. बाप गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी गेटवर उभा राहतो, आठवड्यातून दोन-तीन दिवस काम मिळतं. एफ आणि जी वॉर्डांत १९२५ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आहे, पण तुझी शाळा तिसरीतच सुटली आहे, कारण धाकटी आजारी पडली तेव्हा पाणी भरायला कुणी नव्हतं. अधिकारी मुकादमाला भेटतात, खानावळवाल्या बाईंना भेटतात, शाळेच्या हेडमास्तरांना भेटतात. हेडमास्तरांना तू आठवतोस. अक्षर चांगलं होतं, ते म्हणतात.

आई दारात उभी राहून सगळं ऐकते आणि शेवटी म्हणते, “साहेब, राहू द्या त्याला तिथंच. दोन वेळचं खातोय तरी.”

या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. मुलांच्या गृहांबद्दल आपण भिंतींचं बोलतो, मारहाणीचं बोलतो, पळून जाण्याचं बोलतो. तिथला दोन वेळचा डाळभात कुणाकुणाला घरापेक्षा मोठा वाटला, हेही तितकंच खरं आहे, आणि ते त्या गृहाच्या चांगुलपणापेक्षा त्या चाळीतल्या उपासमारीबद्दल जास्त सांगतं. प्रोबेशन अधिकाऱ्यानं घर पाहिलं, ते खरं लिहिलं. पण त्याच्या हातात मुलाची जागा बदलणं होतं, घराची दशा बदलणं नव्हतं.

मुलांच्या कोर्टात आरोपीचा पिंजरा नाही. टेबलापुढं उभा राहतोस. मॅजिस्ट्रेट अहवाल वाचतात, कोळशापेक्षा वळकटीबद्दल जास्त विचारतात. तुला प्रमाणित शाळेत पाठवायचं ठरतं, माहीमच्या ससून शाळेत. तिथं तू शिवणकाम शिकशील आणि महिन्याच्या भेटीला आई येईल तेव्हा तिच्या फाटक्या चोळीच्या बाहीकडे बघून तुझे हात शिवशिवतील.

जाता जाता एक सांगायला हवं. तुझ्या या फेरीच्या दोनच वर्षं आधी, १९३६ मध्ये, डोंगरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर नागपाड्यात सर दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. तीच पुढं टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९३७ मध्ये तिनं मुलांच्या मानसिक मार्गदर्शनासाठी दवाखाना काढला. मुलाला ऐकून घेणं हे शिकावं लागणारं काम आहे, त्याचंही प्रशिक्षण हवं, ही गोष्ट या देशात पहिल्यांदा रुजली त्या थोड्या जागांत मुंबईच्या या गल्ल्या आहेत. फटके मात्र कायद्यात १९५५ पर्यंत राहिले. आणि डोंगरीसारखी सोय नसलेल्या गावोगावी मुलं मोठ्यांच्या तुरुंगात जातच राहिली. १९८६ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला त्याची दखल घ्यावी लागली. त्याच वर्षी देशभरासाठी एकच बालन्याय कायदा आला, त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत अल्पवयीन. २००० च्या कायद्यानं दोघांना अठराची रेषा दिली.

तिसऱ्यांदा येतोस ते अगदी अलीकडच्या काळात.

गोवंडीत राहतोस. बाईकवर तिघं होतात. पुढच्या दोघांनी रिक्षातल्या बाईच्या हातातला मोबाइल खेचला, तू मागं बसून होतास. त्या दोघांपैकी एक एकोणीसचा, तो मोठ्यांच्या कोर्टात गेला. तुला पोलीस ठाण्यात आणतात, पण लॉकअपमध्ये टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. मुलांसाठी नेमलेला पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत असायला हवा, आणि आज तो आहे. आईला फोन जातो. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तुला बाल न्याय मंडळापुढं उभं करायचं असतं. सगळे त्याला बोर्डच म्हणतात. बोर्डात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यांतली किमान एक बाई. २०१५ च्या कायद्यात जामीन हा नियम आहे, नाकारणं हा अपवाद. पण आई आज पोचलेली नाही. चेंबूरला तीन घरी पोळ्या करते, फोन पिशवीत होता. म्हणून तू निरीक्षणगृहात, डोंगरीच्या त्याच भिंतीआड.

झडती, वजन, उंची, डॉक्टर, अंगावरच्या जुन्या वळांची नोंद. कपडे, टूथब्रश, साबण, चादर. डॉर्मिटरीत शिरलास की पहिला प्रश्न मुलंच विचारतात, “काय मॅटर?” तू सांगतोस. मोबाइल म्हटल्यावर कुणी मान वर करत नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर सतरा वर्षांचा एकजण आहे, त्याला मात्र सगळे दबकून असतात. त्याच्यावर गंभीर गुन्हा आहे. सोळा ते अठरामधल्या मुलावर अतिगंभीर गुन्हा असला तर त्याची प्राथमिक तपासणी होते आणि त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का ते ठरू शकतं. त्याला रात्री झोप लागत नाही. तो खिडकीशी उभा राहून डोंगरीच्या अजानपासून पहिल्या टेम्पोपर्यंत सगळे आवाज ऐकतो. तुला मारील असं वाटलं होतं, पण त्यानं दुसऱ्या दिवशी तुला स्वतःचं अंडं दिलं.

नियम छापलेले आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. २०१६ च्या केंद्राच्या आदर्श नियमांत मुलामागे झोपायला ४० चौरस फूट जागा सांगितली आहे. रोज ६०० ग्रॅम धान्य, सोळाच्या पुढच्या मुलांना ७०० ग्रॅम, १२० ग्रॅम डाळ, १५० मिली दूध. तक्रारपेटी हवी. मुलांच्या समित्या हव्यात, जेवणाबद्दल त्यांना बोलता यायला हवं. प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक आराखडा हवा. १८८२ च्या बराकीतून आलेल्या तुला हे कागद वाचून रडू येईल. पण यातलं सगळं सगळ्या गृहांत पोचतं असं मी म्हणणार नाही. डाळ मोजून येते. समुपदेशक मोजून येत नाही. दहा मुलांची तारीख एका दिवशी असते आणि गाडीसोबत जायला माणूस कमी पडतो, तेव्हा तुझी तारीख पुढं जाते आणि कुणीही वाईट माणूस नसताना तुझे पंधरा दिवस जातात.

दिवस मात्र ठरलेला. सहाला उठणं, योगासनं, पोहे किंवा उपमा, मग वर्ग. एका संस्थेचे शिक्षक येतात, ते तुला अपूर्णांक पुन्हा शिकवतात. सातवीत वर्ग सुटला तिथूनच. दुपारी संगणक किंवा मोबाइल दुरुस्ती, आणि स्क्रू काढताना शेजारचा मुलगा हळूच म्हणतो, “चोरायचं सोडून उघडायला शिकतोय आपण.” कॅरम, टीव्ही, नऊला दिवे बंद. भेटीच्या दिवशी आई येते. एक दिवस बुडवून येते, म्हणजे एका घरचं काम बहुतेक गेलं. ती आणि तू फारसं बोलत नाही. ती तुझी नखं बघते. वाढलीत, म्हणते.

प्रोबेशन अधिकारी बाई आहेत. टेबलावर फायलींचा ढीग. अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. छापील नमुना असतो, फॉर्म ६, लांबलचक. कुटुंब, उत्पन्न, शाळा का सुटली, मित्र कोण, व्यसन आहे का, घरी मारहाण होते का. पहिल्या पानावरच तो प्रश्न.

“घरी कोण कोण असतं?”

“आई. आजी. धाकटी बहीण.”

“पप्पा?”

“वारले. लॉकडाऊनमध्ये.”

त्या पेन खाली ठेवतात. फॉर्ममध्ये याला एक ओळ आहे, त्या बराच वेळ त्या ओळीवर थांबतात. शाळा कधी सुटली विचारतात. त्याच वर्षी, तू सांगतोस. ऑनलाइन वर्गाला फोन एकच होता आणि तो आईबरोबर कामाला जायचा. बाईकवरच्या मुलांनी तुला पहिल्यांदा काय दिलं? चार्जरसकट फोन दिला होता, वापरायला. बहिणीला अभ्यासाला लागायचा.

रविवारी त्या गोवंडीला जातात. सरकारी गाडी नसते, हार्बर लोकलनं जातात, पुढं रिक्षानं. आजीशी बोलतात, शेजारणीशी बोलतात, शाळेत जातात. मी वाचकाला आग्रहानं सांगेन : या सगळ्या यंत्रणेत ज्या एका कामासाठी पैसा, माणसं आणि मान सगळ्यात आधी मोजायला हवा, ते हे. रविवारी हार्बरनं गोवंडीला जाणं. खाटा, खिडक्या, कॅमेरे नंतर. शंभर मुलांमागे घर बघायला जाणारी माणसं चार असली तर अहवाल टेबलावर बसून लिहिले जातात, आणि टेबलावर बसून लिहिलेल्या अहवालात सगळ्याच मुलांची संगत वाईट असते.

तुझ्या अहवालात संगतीबरोबर चार्जरही आहे. बोर्डातल्या समाजसेविका तेवढंच वाचून आईकडे बघतात. तुला आईच्या ताब्यात देतात, सहा महिने प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. दर पंधरवड्याला भेटायचं, समुपदेशनाला यायचं, शाळेत परत जायचं. आई हमीपत्रावर अंगठा न देता सही करते, जोर देऊन, म्हणून कागद मागून उमटतो.

बाहेर व्हरांड्यात बाई सगळं समजावतात. शाळेच्या कागदावर या प्रकरणाचा उल्लेख येणार नाही. कायद्यानं या नोंदीमुळे तुझं पुढं काही अडता कामा नये, नोकरीत नाही, कॉलेजात नाही. त्याच बाईकवाल्या मुलानं परत फोन दिला तर घ्यायचा नाही, आणि घेतलास तर आधी मला सांगायचं, ओरडणार नाही. बहिणीच्या अभ्यासाला जुना टॅब मिळतो का ते एका संस्थेला विचारलं आहे, अजून उत्तर नाही.

“मॅडम,” आई विचारते, “दाखला जुन्या शाळेतून आणायचा का तुम्ही देता?”

“जुन्या शाळेतून. सोमवारी अकराला जा, आधार कार्ड घेऊन. आणि हेडमास्तर नाही म्हणाले तर वाद घालू नका ताई, तिथूनच मला फोन लावा.”